मैदान केवढे असावे?

ढोकीत गेल्या हिवाळ्यात काही तरुणांनी एक बैठक बोलावली होती. शिवजयंतीला गावात ऐतिहासिक महानाट्य करायचे, असा त्यांचा बेत होता. मी मराठी शिकवतो, म्हणून ‘संहिता तपासायला’ मलाही निरोप आला. पहिले दोन तास संहितेचा विषयच निघाला नाही. मैदान कोणते घ्यायचे, रंगमंच किती फूट उंच हवा, घोडे कुठून आणायचे, जनरेटर एक पुरेल की दोन, पाहुणे कोणत्या बाजूने येतील, एवढेच बोलणे चालले होते. मी एकदा विचारले, “घोड्याशिवाय नाही का चालणार?” त्यावर एक मुलगा प्रांजळपणे म्हणाला, “सर, घोडं नसलं तर बघायला कोण येणार?”

त्या वेळी मला हा सारा हिशेब कंटाळवाणा वाटला. घरी परतल्यावर मात्र जाणवले की दोन तास आम्ही संहितेविषयीच बोलत होतो. फक्त ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. मैदानाचे क्षेत्रफळ ठरले की प्रवेश कोणते घ्यायचे, हे जवळजवळ ठरून जाते. प्रस्तुत लेखात मला एवढेच म्हणायचे आहे की प्रेक्षकसंख्या आणि जागेचा खर्च या व्यवस्थापनाच्या बाबी समजून आपण त्या मंडप-कंत्राटदारावर सोपवतो. वस्तुतः तो नाट्यविचाराचा पहिला प्रश्न आहे.

आपल्याकडे मध्ययुगाच्या पुनर्दर्शनाचा जो साचा रूढ झाला आहे, तो बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’ने घडवला. १९८५ पासून या महानाट्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले. दोनशेच्या वर कलावंत, फिरता रंगमंच, हत्ती, घोडे, उंट आणि ध्वनिमुद्रित संवाद ही त्याची ठळक अंगे. यातला शेवटचा घटक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हजारो माणसे बसलेल्या उघड्या मैदानात नटाचा स्वतःचा आवाज शेवटपर्यंत समान पोचवणे अवघड. म्हणून तो आधीच मुद्रित करायचा आणि नटाने त्यावर हालचाल करायची. ही तडजोड तांत्रिक दिसते, पण तिचे परिणाम आशयापर्यंत जातात. मुद्रित संवादात नटाला थांबता येत नाही, गावाप्रमाणे एखादा शब्द बदलता येत नाही, प्रेक्षकांचा हुंकार ऐकून वाक्य सावकाश घेता येत नाही. दोनशे फुटांवरून दिसेल अशीच कृती निवडावी लागते. राज्याभिषेक दिसतो, स्वारी दिसते, मशाली दिसतात. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले देऊन टाकावे लागलेल्या राजाच्या मनातली घालमेल मात्र तेवढ्या अंतरावरून दिसत नाही. मग ती संहितेत उरत नाही, किंवा निवेदकाच्या एका वाक्यात आटोपते. पराक्रमाचा इतिहास आणि विचाराचा इतिहास यांच्यात निवड करताना लेखकाच्या आधी मैदानाने कौल दिलेला असतो.

हा प्रश्न नवा नाही. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात भरताने नाट्यगृहाची मापे सांगितली आहेत. मर्त्यांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असे मध्यम गृहच त्याला इष्ट वाटते. त्याचे कारणही तो देतो: गृह याहून मोठे केले तर उच्चार अस्पष्ट होतात आणि नटाच्या मुद्रेवरचे भाव लोपतात. हाताचे माप दीड फूट धरले तर हे गृह सुमारे शहाण्णव फूट लांब व अठ्ठेचाळीस फूट रुंद होते. त्यातला अर्धा भाग रंगभूमीचा. उरलेल्या अठ्ठेचाळीस फुटांच्या चौकोनात, बैठकीवर दाटीवाटीने बसले तरी, चारशेच्या आसपास माणसे मावतात. म्हणजे शेवटच्या रांगेतला प्रेक्षकही नटापासून पन्नास-साठ फुटांच्या आत राहतो. आजचे नाट्यगृहरचनाकारही चेहऱ्यावरील भाव वाचता येण्याची मर्यादा साधारण वीस मीटरच्या आसपासच मानतात. भरताने हे माप उत्पन्नाच्या नव्हे, रसाच्या दृष्टीने ठरवले होते, हे विशेष.

पण ते हिशेबाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे ठरते. माणसे वाढली की दरडोई खर्च कमी होतो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. नाट्यप्रयोगात तो ठरावीक मर्यादेपर्यंतच खरा आहे. चारशे माणसांना शाळेचे पटांगण, सतरंज्या, चार दिवे आणि गावातले वीस स्वयंसेवक पुरतात. दोन हजार झाली की ध्वनियंत्रणा लागते, रंगमंच उंच करावा लागतो, उंच रंगमंचावर नट बारीक दिसतो म्हणून प्रकाश वाढवावा लागतो, त्यासाठी मोठा जनरेटर येतो. पाच हजार झाली की लाकडी अडथळे, पाण्याचे टँकर, तात्पुरती स्वच्छतागृहे, रुग्णवाहिका, बंदोबस्त आणि वाहनतळ येतात. आमच्याकडे फेब्रुवारीत शिवारात ज्वारी आणि हरभरा उभा असतो. वाहने लावायला रान मागायचे म्हणजे कुणाच्या तरी पिकाची भरपाई आली. खर्च असा पायरीपायरीने चढतो आणि प्रत्येक पायरी आणखी गर्दी मागते.

उदाहरणादाखल एक कल्पित हिशेब मांडतो. पोशाख, नेपथ्य आणि तालमी यांना एक लाख रुपये लागले आणि पटांगणातल्या प्रत्येक प्रयोगाला पंधरा हजार, असे धरू. चारशे प्रेक्षकांचे चार प्रयोग केले तर एक लाख साठ हजारांत सोळाशे माणसे नाटक पाहतात. माणशी शंभर रुपये. मोठ्या मैदानात एकाच रात्री पाच हजार माणसांसाठी सात लाख लागले, तर माणशी एकशे चाळीस पडतात. शिवाय अवकाळी पावसाने ती एक रात्र बुडवली तर सगळेच बुडते. चार प्रयोगांतला एक बुडाला तर तीन उरतात, आणि पहिल्या प्रयोगातली चूक दुसऱ्यात सुधारता येते. आकडे प्रत्येक गावाने आपापले घालून पाहावेत. हिशेबाची दिशा फारशी बदलणार नाही.

मग मोठ्या मैदानाचे पैसे कुठून येतात? बहुधा प्रेक्षकाकडून येतच नाहीत. शिवराज्याभिषेकाच्या साडेतीनशेव्या वर्षानिमित्त २०२३-२४ मध्ये राज्य शासनाने जिल्ह्याजिल्ह्यांत ‘जाणता राजा’चे विनामूल्य प्रयोग लावले. ज्यांना तिकीट परवडले नसते त्यांनाही ते पाहता आले, हा लाभ मी नाकारत नाही. परंतु विनामूल्य प्रयोगाचे दोन दोष सांगायला हवेत. एक, किती माणसे येतील याचा अंदाज राहत नाही. प्रवेशिका छापायला काही लागत नसल्यामुळे त्या जागेपेक्षा अधिक वाटल्या जातात. उघड्या मैदानावर बेहिशेबी गर्दी जमवण्याची किंमत आपण १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला पाहिली आहे. तो पुरस्कार-सोहळा होता, नाटक नव्हते. पण उष्माघाताने दगावलेल्या चौदा जणांना तो फरक कळण्याचे कारण नव्हते. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. खर्च देणाऱ्याचा चेहरा फलकावर येतो, त्याचे भाषण पहिल्या अंकाआधी येते, आणि त्याला अडचणीचा वाटेल असा प्रवेश कुणी न सांगताच गळतो. वीस रुपयांचे तिकीट काढलेल्या माणसाला निदान ‘आवडले नाही’ म्हणण्याचा हक्क असतो.

भव्यतेच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो: राजा मोठा, तेव्हा त्याचा सोहळाही मोठाच हवा. या युक्तिवादाची परंपरा जुनी आहे. सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बखर लिहिली, तेव्हा राज्याभिषेकाचा खर्च एक कोट बेचाळीस लक्ष होन आणि ब्राह्मणसमुदाय पन्नास सहस्र असा नोंदवला. त्या प्रसंगी रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन सुवर्णतुलेचे सुमारे सोळा हजार आणि त्याखेरीज वाटायचे एक लाख, एवढ्याच पगोडांचा उल्लेख करतो. दोघे नेमके तेच मोजत नाहीत, हे मान्य; तरी अंतर डोळ्यांत भरण्याजोगे आहे. जदुनाथ सरकारांनी सभासदाचा आकडा अविश्वसनीय ठरवला. मला त्यात खोटेपणापेक्षा शैली दिसते. बखरकाराने वैभव शब्दांत उभे केले; त्याला मैदान भाड्याने घ्यावे लागले नाही. १६५९ च्या अफजलखान-प्रसंगावरचा अज्ञानदासाचा पोवाडा घ्या: शाहीर, डफ, तुणतुणे आणि दोन झीलकरी एवढ्या बळावर प्रतापगड उभा राहतो. वसंत कानेटकरांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये (१९६२) इतिहास घराच्या आत आणला आणि बाप-लेकाचे दुःख पेटीतल्या रंगमंचावर मावले. आमच्या मराठवाड्यातलेच उदाहरण द्यायचे तर राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले आणि नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२). जालन्याकडच्या शेतकरी कलावंतांनी ते महाराष्ट्रभर नेले. शिवाजी कुणाचा, हा प्रश्न त्यांनी हत्ती-घोड्यांवाचून विचारला, आणि तो लोकांपर्यंत पोचला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चारशेच्या मर्यादेमुळे नाटक पुन्हा मूठभरांचे होणार नाही का? याचे उत्तर नाट्यगृहात नाही, तमाशाच्या फडात आहे. फडाने प्रेक्षक एका जागी गोळा करण्यापेक्षा स्वतः हिंडणे पत्करले. तंबूचा खेळ तिकिटावर, यात्रेचा सुपारीवर. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांमध्ये यात्रा कमिट्या येऊन सुपाऱ्या ठरवतात. प्रत्येक गावची वर्गणी वेगळी, ताकद वेगळी, तरी वग गावोगाव पोचला. प्रेक्षकसंख्या वाढवायची तर प्रयोगांची संख्या वाढवावी, मैदानाचे क्षेत्रफळ नव्हे, हे या मंडळींना नाट्यशास्त्र न वाचता उमगले होते. त्यांच्या हलाखीचे मी उदात्तीकरण करत नाही. त्यांची रीत तेवढी घ्यावी.

ढोकीपुरते बोलायचे तर इथे मध्ययुग उसने आणण्याची गरज नाही. गोरोबाकाकांचे तेर जवळच आहे. तुळजापूर, नळदुर्ग आणि परंडा याच जिल्ह्यातले. नवरात्रात तुळजाभवानीची भवानी तलवार अलंकार महापूजा बांधतात, तेव्हा देवी शिवरायांना तलवार देत असल्याचा प्रसंगच साकारलेला असतो. गाभाऱ्यातले ते दृश्य भाविक एकेक करून जवळून पाहतात. रांग लांबते, दृश्य मोठे केले जात नाही.

बैठकीच्या शेवटी मी एवढीच विनंती केली की अंदाजपत्रकाची पहिली ओळ बदलावी. ‘रंगमंच भाडे’ हे तिथे नको. ‘एका प्रयोगाला प्रेक्षक किती’ हे असावे. तो आकडा मनाशी पक्का झाल्यावर जागा शोधावी, मग खर्च मांडावा, आणि प्रयोग संपल्यावर तो हिशेब शाळेच्या फळ्यावर लिहावा. मुलांनी ऐकून घेतले. ठराव काही झाला नाही. घोड्याचा प्रश्न पुढच्या बैठकीवर गेला आहे. पण उठताना त्याच मुलाने हळूच विचारले, “सर, चारशेच माणसं असतील तर मला माईक नाही लागणार ना?” त्याला महाराजांची भूमिका करायची होती. मी म्हटले, नाही लागणार. तो म्हणाला, मग पाठांतर नीट करावे लागेल.