विद्यार्थ्यांची घबराट आणि आमची बेफिकिरी

ढाणकीतील काही महाविद्यालयीन मुलामुलींनी अलीकडे एक साधे पत्रक काढले. छाती एकाएकी धडधडू लागणे, श्वास न पुरणे, हातापायांना मुंग्या येणे, आता आपण मरणार अशी खात्री वाटणे, असे परीक्षेच्या तोंडावर कोणाला होत असेल तर त्याने ते लपवू नये, सोबत्याजवळ बोलावे, इतकाच त्यातील मजकूर. ते पत्रक मी कार्यकर्त्यांच्या बैठकीत वाचून दाखविले. एक जुने सहकारी हसून म्हणाले, "सर, ही शहरातल्या खात्यापित्या घरांची दुखणी. आपण कापसाच्या भावाचे बोलू." बाकीचे गप्प राहिले. ते मौन मला त्या हसण्याहून अधिक खटकले, म्हणून हा लेखप्रपंच.

ही मुले कोणाची आहेत? कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्यांची, शेतमजुरांची. बियाण्यासाठी ज्या दारात हात पसरला, त्याच दारातून शिकवणी वर्गाच्या फीसाठीही रक्कम उचललेली असते, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? नांदेडला किंवा लातूरला खोली घेऊन राहिलेला मुलगा वहीबरोबर घरच्या कर्जाचा हिशेबही उशाशी घेऊन झोपतो.

१९ मार्च १९८६ रोजी आपल्या शेजारच्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह आत्महत्या केली. त्यानंतरच्या चार दशकांत आपण एक गोष्ट सातत्याने सांगत आलो, की शेतकरी मनाचा दुबळा नाही. कर्ज, भाव आणि सरकारी धोरण यांनी त्याला तेथवर आणले. जे लोक व्यसन, मानसिक आजार, घरगुती भांडण अशी कारणे पुढे करीत, त्यांच्याशी आपण भांडलो. मग त्याच शेतकऱ्याचे लेकरू परीक्षेच्या आदल्या रात्री घामाने भिजून थरथरते, तेव्हा 'हल्लीची पोरे नाजूक' हा निष्कर्ष आपण कोणत्या तोंडाने काढतो? बापाच्या बाबतीत जे सरकारी पंचनाम्याचे तर्कशास्त्र आपण धिक्कारले, तेच मुलाच्या बाबतीत आपल्या बैठकीत बोलले गेले.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. आकडे मांडल्याविना माझे समाधान होत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांची जाहिरात निघाली आणि अर्ज १० लाखांवर आले. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार. अर्जाचे शुल्क खुल्या प्रवर्गास १,००० व राखीव प्रवर्गास ९०० रुपये होते. सरसकट ९०० धरले तरी बेरोजगारांच्या खिशातून ९० कोटींच्या घरात रक्कम निघाली. बेकारी हे येथे उत्पन्नाचे साधन झाले आहे! २०२४ च्या 'नीट'ला २३ लाखांवर मुले बसली. देशात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर, आणि सामान्य घराला परवडतील अशा सरकारी जागा त्यांच्या जेमतेम निम्म्या. त्या वर्षी पेपरफुटीने देश ढवळून निघाला तो वेगळाच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदविल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. इतकी माणसे 'नाजूक' असू शकत नाहीत.

मीही या बाबतीत निर्दोष नाही. १९९० च्या सुमारास वार्षिक परीक्षेत पर्यवेक्षण करीत असताना एक विद्यार्थी अर्ध्या तासात उठला. पांढराफटक पडला होता. "जीव घाबरा होतो," एवढेच म्हणाला. मी त्याला मन घट्ट करण्याचा उपदेश केला आणि कोरी उत्तरपत्रिका जमा करून घेतली. तो पुन्हा महाविद्यालयात आला नाही. त्याच्या गावी जाऊन चौकशी करणे मला अशक्य नव्हते. मी ती केली नाही.

आता दुसऱ्या बाजूचा समाचार. शिकवणी वर्गांचे मालक व त्यांचे प्रेरक वक्ते या घबराटीवर दीर्घ श्वास आणि सकारात्मक विचार एवढेच औषध सांगतात. मुलांना गुणांच्या उतरंडीप्रमाणे तुकड्यांत बसवायचे, महिन्याला निकाल भिंतीवर लावायचा आणि मग ध्यानाचे शिबिर भरवायचे, हा त्यांचा धंदा. पण म्हणून 'व्यवस्था बदलली की रोग जाईल' असे म्हणून हात झटकणेही आपल्याला शोभत नाही. पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठून ओसरतो. त्याने मृत्यू येत नाही. समुपदेशनाने व गरज पडल्यास औषधाने तो आटोक्यात येतो. हे कोणी न सांगितल्यामुळे आपल्या भागात एक घर 'गॅस' समजून गोळ्या देते आणि दुसरे घर 'बाहेरची बाधा' म्हणून मांत्रिकाकडे नेते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून अस्तित्वात आहे. त्याची आठवण फक्त पुरोगामी व्याख्यानांत होते.

विद्यार्थी काय करू शकतात हे मुंबईच्या आयआयटीत दिसले. तेथील अनुसूचित जाती-जमाती विद्यार्थी कक्षाने २०२२ मध्ये आपल्या सोबत्यांच्या मानसिक स्वास्थ्याची पाहणी केली. पुढच्याच फेब्रुवारीत तेथे पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. संस्थेच्या चौकशी समितीने अभ्यासातील पिछाडीकडे बोट दाखविले. विद्यार्थी संघटना जातिभेदाचा प्रश्न विचारीत राहिल्या. भीती प्रत्येकाच्या छातीत निराळी धडधडते. पण ती कोणाच्या छातीत अधिक धडधडते, हे जात आणि वर्ग ठरवितात.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत पात्र समुपदेशक नेमण्याचे आणि गुणांवरून तुकड्या न पाडण्याचे निर्देश दिले. ते शिकवणी वर्गांनाही लागू आहेत. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. पण ढाणकीहून यवतमाळ शंभर किलोमीटरहून दूर. नांदेड त्या मानाने जवळ, तरी एसटीने दिवस मोडतो आणि मजुराची रोजी बुडते. ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाचा ठरलेला वार असावा, प्रत्येक महाविद्यालयात समुपदेशक नेमला की नाही हे प्राचार्यांनी लेखी कळवावे, आणि भरतीचे शुल्क रद्द व्हावे, अशा तीन मागण्यांचा ठराव मी लिहून तालुका समितीकडे दिला आहे. पत्रक काढणाऱ्या मुलांना बैठकीस बोलवावे, असेही त्यात म्हटले आहे. विषयपत्रिकेवर तो अद्याप आलेला नाही.