सोयाबीनला युरिया नव्हे, हवा हवी

जळगाव जामोद तालुक्यात पावसाने आठवडाभर ठाण मांडले, की काळ्या रानातले सोयाबीन पिवळे पडते आणि कृषी केंद्रांवर युरियासाठी झुंबड उडते. नत्र कमी पडले, हे निदान बहुतेकदा खरेही असते. पण ते का कमी पडले, हे कुणी मुळे उपटून बघत नाही.

सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत ब्रॅडीरायझोबियम जिवाणू राहतात. हवेतले नत्र पिकाला पचेल अशा रूपात आणणे हे त्यांचे काम. ते करणारे नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजन लागताच निकामी होते. पण या कामासाठी लागणारी भरमसाट ऊर्जा जिवाणूंना श्वसनातून, म्हणजे ऑक्सिजन वापरूनच मिळते. धरले तर चावते, सोडले तर पळते! यावर तोडगा आहे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे भावंड. ते ऑक्सिजन धरून ठेवते आणि जिवाणूंना बेताबेताने पुरवते. फुलोऱ्यात गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लाल दिसली तर कारखाना चालू, हिरवट किंवा करडी निघाली तर बंद.

शेत चिबडले की हा कारखाना गुदमरतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट संथ झिरपतो. सातपुड्याचा पायथा सोडून पूर्णेकडे उतरावे तसा खारपाणपट्टा लागतो. तिथली चिकण माती भिजून फुगली की पाणी हलतच नाही. जुलै २०२३च्या अतिवृष्टीत तालुक्यातली खरडून गेलेली शेते सर्वांना दिसली. उभ्या पिकाच्या मुळाशी काय झाले, ते कुठल्या फोटोत येणार?

अशा रानात फेकलेला युरिया बराचसा वाहून किंवा वायू होऊन जातो. उरलेल्याची तऱ्हा आणखी वेगळी: आयते नत्र मिळाले, की झाड गाठी पोसायचे कमी करते. पाणी ओसरल्यावरची हलकी फवारणी तात्पुरता आधार देते, एवढेच.

याच तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि पाऊस किती पडणार याचे भाकीत ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. पडलेले पाणी शेताबाहेर कसे काढायचे, यावर मात्र गावात बैठक होत नाही. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅम रायझोबियम चोळा, हा सल्ला योग्यच; पण ते जिवाणू पुढे बुडणारच असतील तर पुडीचा पैसा पाण्यात. त्यापेक्षा बीबीएफ यंत्राने रुंद वरंब्यावर पेरणी, वापसा येताच डवरणी आणि बांधाकडेचे बुजलेले चर उकरणे, यांवर कृषी विभागाने जोर द्यावा. चर एकट्याच्या शेतात संपत नाही, तो खालच्याच्या बांधावर अडतो. म्हणून हे काम मे महिन्यातच, ग्रामपंचायतीने नाल्यापर्यंत सलग करून घ्यायला हवे.