‘हौशी’ या शब्दाची लाज कशाला?

हौशी रंगभूमीविषयी बोलताना आपल्याकडे दोनच सूर लागतात. पहिला कौतुकमिश्रित कीव करणारा: ‘नोकरी सांभाळून करतात बिचारे.’ दुसरा शिडीचा: ‘इथूनच उद्याचे नट घडतात.’ दोन्ही सुरांमागे एकच गृहीत आहे. नाटक करणे ही स्वतःत पुरेशी गोष्ट नाही. तिला करुणेचा तरी आधार हवा किंवा भविष्याचा. तालमीला येणाऱ्या प्रत्येकाला घरचे, शेजारचे, कचेरीतले लोक विचारतात, ‘मग पुढे काय?’ माझे भांडण या प्रश्नाशी आहे. गाण्याच्या भिशीला जाणाऱ्याला किंवा पहाटे टेकडी चढणाऱ्याला हे कोणी विचारत नाही. नाटकवाल्यानेच दरवेळी आपल्या आनंदाचा हिशेब का द्यावा?

विठ्ठलवाडीचेच उदाहरण घ्या. कर्जतच्या दिशेची लोकल कल्याण सोडते आणि उल्हासनगरच्या आधी येथे थांबते. एसटीचे आगार, चाळी, इमारती. पलीकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले शहर. येथील नोकरदार माणूस मुंबईला जाऊन-येऊन रोज 100 किलोमीटरहून अधिक प्रवास करतो. अशा वस्तीत तालीम रात्री 9 च्या आधी सुरू होत नाही. शाळेचा वर्ग किंवा सोसायटीची खोली मिळाली तर मिळाली. एक जण गाडी चुकल्याने उशिरा येतो, दुसऱ्याची दुसरी पाळी असते, आणि मुलगी तालमीला येणार असेल तर तिला घरी कोण सोडणार हे आधी ठरवावे लागते. तरीही माणसे येतात. त्यांतल्या बहुतेकांना आपण कधीही मालिकेत दिसणार नाही हे पक्के ठाऊक असते.

ती का येतात, याचे उत्तर ‘प्रसिद्धीची हाव’ असे देणाऱ्याने तालीम पाहिलेली नाही. दिवसभर माणूस एखाद्या मोठ्या व्यवहाराचा एक तुकडा हाताळतो. त्या व्यवहाराचे पुढे काय झाले हे त्याला कळतही नाही. नाटकात पहिल्या वाचनापासून तिसऱ्या घंटेपर्यंत सगळे त्याच्या डोळ्यांसमोर घडते. फ्लॅटला रंग लावणाऱ्यालाही शेवटचा प्रवेश पाठ असतो. तीन आठवडे निर्जीव पडलेले एखादे वाक्य एका रात्री समोरच्याने नुसता विराम बदलताच जिवंत होते आणि खोलीतल्या सगळ्यांना ते एकाच क्षणी कळते. स्फूर्ती स्फूर्ती म्हणतात ती हीच. ती आभाळातून पडत नाही. समोरच्याचे वाक्य खरोखर ऐकण्याच्या सवयीतून येते. ‘हौसेला मोल नाही’ असे आपणच म्हणतो. मग हौशी हा शब्द उच्चारताना नाक का मुरडतो?

यावर ठरलेला आक्षेप दर्जाचा. ‘आनंद तुमचा, शिक्षा प्रेक्षकांना!’ आक्षेप खोटा नाही. पण दर्जा व्यवसायातच वसतो, हे आपल्या रंगभूमीचा इतिहास मान्य करीत नाही. ‘घाशीराम कोतवाल’ 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात रंगमंचावर आणले ते ‘पीडीए’च्या हौशी कलावंतांनी. 19 प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले, तेव्हा त्यासाठी संस्था सोडून ‘थिएटर अकॅडमी’ काढणारेही पोटापाण्यासाठी अन्यत्र राबणारेच होते. नाटक जगले ते त्यांच्या हट्टामुळे. दर्जाला शिस्त लागते आणि पगाराशिवाय पाळलेली शिस्त ही कमी प्रतीची शिस्त नव्हे.

खरे दुखणे दुसरीकडे आहे. 1954 पासून चालत आलेल्या राज्य नाट्य स्पर्धेने हौशी रंगभूमीला फार दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. गावोगावच्या संस्थांना वर्षाकाठी एक तारीख दिली, लेखकांना नाटके लिहिण्याचे निमित्त दिले. पण हळूहळू निमित्त हाच हेतू झाला. नाटक परीक्षकांसाठी निवडले जाते, परीक्षकांसाठी बसवले जाते. दोन-तीन महिन्यांची तालीम, एक प्रयोग, आणि निकाल विरुद्ध गेला की नेपथ्य अडगळीत. ज्या वस्तीत तालमी झाल्या, ज्या शेजाऱ्यांनी रात्रीचा आरडाओरडा सोसला, त्यांनी ते नाटक पाहिलेलेच नसते. विठ्ठलवाडीतील संघ कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात किंवा ठाण्याला जाऊन खेळतो आणि विठ्ठलवाडीला त्याचा पत्ताही नसतो. याला समूहाची रंगभूमी म्हणायचे कसे? हा एका गटाचा खासगी आनंद झाला आणि खासगी आनंद लवकर आटतो.

तो केवळ आटत नाही, नासतोही. तेंडुलकरांना ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चे बीज मिळाले ते पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेल्या एका हौशी मंडळींच्या बोलण्यातून. 1967 चे ते नाटक आपण स्त्रीच्या छळाचे नाटक म्हणून वाचतो, आणि ते तसे आहेच. पण हौशी संस्थेतल्या प्रत्येकाने ते आपल्याविषयीचे म्हणूनही वाचावे. खेळता खेळता एकाच व्यक्तीला घेरणारी ती माणसे क्रूरकर्मा नाहीत. आपल्यासारखीच, वेळ मजेत घालवायला जमलेली आहेत. तेव्हा ‘आम्ही आनंदासाठी नाटक करतो’ एवढे म्हणून भागत नाही. कोणाच्या आनंदासाठी, आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारावेच लागते. वर्षानुवर्षे चहा आणणारा मुलगा कधी रंगमंचावर येतो का? बायकांची कामे करणाऱ्या मुली नाटक निवडताना बैठकीत असतात का?

याचे एक उत्तर ठाण्यातच दिले गेले. 1962 मध्ये ‘बालनाट्य’ संस्था काढणाऱ्या रत्नाकर मतकरींनी उतारवयात, 2010 नंतरच्या दशकात, ‘वंचितांचा रंगमंच’ हा उपक्रम समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांसह उभा केला. ठाण्याच्या वस्त्यांतील मुलामुलींनी आपल्याच जगण्यातून नाटुकली रचली आणि सादर केली. यशस्वी नाटककाराला या वयात हे करण्याची व्यावहारिक गरज नव्हती. मे 2020 मध्ये ते गेले. त्यांच्या नाटकांची चर्चा पुष्कळ झाली, होत राहील; पण या मुलांपैकी किती जण ‘पुढे’ गेले असे विचारून त्या कामाचे मोल करायला बसणे हा मूर्खपणा होईल. स्वतःच्या वस्तीतले भांडण चार लोकांसमोर उभे करून दाखवता येते, त्यावर हसता येते, वाद घालता येतो, हे ज्याला एकदा कळले त्याला काहीतरी मिळून चुकलेले असते.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. स्पर्धा जरूर करा. पण पहिला प्रयोग वस्तीत करा. रंगमंदिर नसेल तर शाळेच्या पटांगणात, गणपतीच्या मांडवात, चार दिवे आणि एक सतरंजी घेऊन. डिमर नाही म्हणून न चालणारे नाटक बहुधा डिमर असूनही चालत नाही. प्रयोगानंतर लोकांना बोलू द्या. भाजीवाल्याने काढलेली चूक परीक्षकाच्या शेऱ्याइतक्याच गांभीर्याने ऐका. स्पर्धेचा निकाल काहीही लागो, परत येऊन आणखी दोन प्रयोग तेथेच करा. यासाठी अनुदान लागत नाही. स्पर्धेतले बक्षीस हेच नाटकाचे अंतिम स्थानक आहे, ही समजूत सोडावी लागते.

एवढे केल्यावरही कोणी ‘पुढे काय?’ विचारीलच. त्याला पुढच्या प्रयोगाची तारीख सांगावी, आणि हात मोकळा असेल तर खुर्च्या मांडायला बोलवावे.