घामाची खोली घरी आणण्यापूर्वी

वाई तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. पुण्यास नोकरी करणारा त्यांचा मुलगा वडिलांच्या गुडघेदुखीसाठी ‘इन्फ्रारेड सौना’ घरी बसवू म्हणतो. ती घ्यावी काय, आणि घेताना काय पाहावे, असे त्यांनी विचारले आहे.

ही वस्तू म्हणजे मोठ्या कपाटाएवढी लाकडी खोली. आत बसायला बाक आणि भिंतींना विजेवर तापणाऱ्या पट्ट्या. फिनलंडमधील मूळ सौनात दगड तापवून हवा ८० ते १०० अंशांपर्यंत नेतात. इथे हवा साधारण ४५ ते ६० अंशच असते, पण पट्ट्यांतून निघणारे अवरक्त किरण थेट अंगावर पडतात. चुलीपुढे बसल्यावर तोंडाला लागते तीच ही धग. यात जादू काही नाही.

घाम काढण्याचा उपचार आपल्यालाही नवा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १४ वा अध्याय स्वेदनाचाच आहे. अग्नीच्या साहाय्याने करायच्या स्वेदनाचे १३ प्रकार त्यात दिले असून ‘जेंताक’ हा प्रकार म्हणजे मध्ये भट्टी असलेली खोलीच. तेथे रोग्याला बजावले आहे की, घामाने मूर्च्छा येऊ लागली तरी बसण्याचा ओटा सोडू नकोस, त्याच्याच आधाराने दारापर्यंत ये. ओटा सुटला तर दार सापडणार नाही आणि जीव जाईल. म्हणून खोली पाहायला गेलात की लाकडाच्या चकाकीआधी दार पाहावे. ते बाहेरच्या बाजूस उघडणारे, नुसत्या धक्क्याने सुटणारे असावे. कडी, खिटी, कुलूप काहीही नको. काच असल्यास ती कडक केलेली, फुटलीच तर बोथट तुकडे होणारी असावी.

त्यानंतर वीज. एका माणसाच्या खोलीला सुमारे १५०० वॅट लागतात, म्हणजे दोन घोड्यांच्या मोटरीएवढा भार. चाळीस मिनिटे चालवली तर एक युनिट जळते. पंख्या-दिव्याच्या लहान प्लगवर हा भार टाकू नये. १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट आणि त्याला जाड तार हवी. घामाने भिजलेला माणूस विजेच्या पट्ट्यांना टेकून बसणार, म्हणून अर्थिंग नीट असल्याखेरीज ही वस्तू उंबऱ्याच्या आत घेऊच नये. जुन्या वाड्यांत तीन भोकांचे प्लग दिसतात, पण तिसऱ्या भोकातली तार पुष्कळदा कोठेच गेलेली नसते. परवानाधारक वायरमनकडून ती यंत्राने मोजून घ्यावी. अर्थिंगचा खड्डा मुरमाड जमिनीत असेल तर चैत्र-वैशाखात तो कोरडा पडतो. अधूनमधून त्यात बादलीभर पाणी ओतावे. शिवाय विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपियरचा स्विच बसवावा. शेतीपंपाच्या जोडणीवरून तार ओढण्याचा विचारही करू नये.

खोलीत उष्णता ठरावीक मर्यादेत ठेवणारा थर्मोस्टॅट, तो बिघडल्यास वीज तोडणारा दुसरा स्वतंत्र स्विच आणि आपोआप बंद करणारे घड्याळ हवे. पट्ट्यांपुढे जाळी हवी. लाकूड भरीव असावे, आतून पॉलिश वा रंग नसावा. चिकटवलेल्या प्लायवूडमधून तापल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते आणि डोळे चुरचुरतात. विक्रेत्याला खोली अर्धा तास चालू ठेवायला सांगून आत बसावे. नाकच बरेचसे सांगेल. गॅरंटी, दुरुस्ती कोण करणार आणि सुटे भाग कोठे मिळणार, हे कागदावर लिहून घ्यावे. घामावाटे सारे विष निघते, चरबी वितळते, असे सांगणाऱ्याकडे लक्ष देऊ नये. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. घटलेले वजन दोन तांबे पाणी प्यायल्यावर परत येते.

आता ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्यांच्याविषयी. उष्णतेने आखडलेला सांधा काही वेळ सैल होतो, दुखणे हलके वाटते. झिजलेली गादी मात्र भरून येत नाही. केवळ एका गुडघ्याचा प्रश्न असेल तर गरम पाण्याची पिशवी किंवा फडक्यात बांधलेली कोमट वाळू तेवढाच आराम देते, असे माझे स्पष्ट मत आहे. वडिलांना मधुमेह असेल तर त्यांची पावले आधी डॉक्टरांना दाखवावीत. बधिर पायाला चटका बसल्याचे कळत नाही आणि ती जखम लवकर भरत नाही. चरकानेही मधुमेही, गर्भवती आणि मद्यपी यांना स्वेदन वर्ज्य सांगितले आहे. हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत बसू नये. तापात कोणीच नको, आणि लहान मुलांना तर नकोच.

एवढे पाहूनही खोली घेतलीच, तर पहिल्या दिवशी दहा मिनिटे पुरेत. आधी तांब्याभर पाणी प्यावे. घरात दुसरे माणूस असतानाच बसावे, आणि त्या माणसाने मध्ये एकदा हाक मारून उत्तर घ्यावे. बाहेर आल्यावर लगेच उभ्याने कामाला लागू नये, की अंगावर गार पाणी घेऊ नये. बाजेवर थोडे टेकावे, घाम जिरू द्यावा, मग कोमट पाण्याने आंघोळ करावी.