वेगळा पेला

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सुट्टीच्या दिवशी आम्ही इस्लापूरला घरी जेवायला बसलो होतो. ताटात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा. थोरल्या वहिनी मात्र बाजूला बसून दुधात भाकरी कुस्करून खात होत्या.

"वहिनी, ठेचा नको का?" आम्ही विचारले.

"काय न्हाई भाऊजी, तोंड आलंय," त्या म्हणाल्या.

तोंड येणे आपल्याकडे नवे नाही. तूप लावले, जाईचा पाला चघळला की आठ-दहा दिवसांत बरे वाटते. पण वहिनींचे तोंड चार महिने आलेले होते आणि त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. पूर्वी त्या मिसरी लावीत. "लाव अजून मिसरी!" असे कोणीतरी म्हणणार ही एक भीती, आणि कॅन्सरची दुसरी.

मांडणीकडे लक्ष गेले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सगळ्यांचे पेले एका रांगेत, आणि एक पेला खाली कोपऱ्यात उपडा. तो वहिनींचा. कोणी वेगळा केला नव्हता; आपला रोग नातवाला लागू नये म्हणून त्यांनी स्वतःच केला होता. आम्ही बी.कॉम. झालेले, सभांतून आरोग्यावर बोलणारे. पाहिले आणि गप्प बसलो. आमची माय मात्र गप्प बसली नाही. "मी लहानपणी ओंजळीत वरून ओतलेलं पाणी पिलंय," ती म्हणाली. "माझ्या घरात वेगळा पेला नको. आधी डाक्टरला दाखवा."

गावातल्या एका दवाखान्यात बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. त्यांनी फरक पडला नव्हता. मग वहिनींना घेऊन आम्ही सकाळच्या गाडीने नांदेडला गेलो आणि दातांच्या मोठ्या दवाखान्यात दाखवले. तिथल्या डॉक्टरबाईंनी आरसा लावून गालाची आतली बाजू आम्हांलाही दाखविली. दोन्ही गालांत बारीक पांढऱ्या रेघांची जाळी होती, जणू पांढऱ्या दोऱ्याचे विणकाम. मधेमधे लाल, सोललेली जागा. तिखट झोंबत होते ते तिथेच.

बाई म्हणाल्या, "हे लायकेन प्लॅनस दिसते. पण खात्रीसाठी तुकडा काढून तपासावा लागेल."

तुकडा म्हणताच वहिनींचे हातपाय गार पडले. "सुरी लागली की रोग पसरतो म्हणत्यात," त्या पुटपुटल्या. वाचकहो, हा समज आपल्या घराघरांत आहे आणि तो चुकीचा आहे. जागा बधिर करून जोंधळ्याच्या दाण्याएवढा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्याने रोग पसरत नाही. उलट तंबाखूने पडणारा पांढरा चट्टा, सुपारीने आखडणारे तोंड, कॅन्सरची सुरुवात आणि हा आजार यांतला फरक त्यामुळेच पक्का कळतो. नुसत्या डोळ्यांनी पाहून प्रत्येक वेळी तो सांगता येत नाही.

अहवाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते आम्हांलाच ठाऊक. वहिनींनी तेवढ्यात नातवाचे कपडे, लेकीला द्यायचे लुगडे, सगळे नीट लावून ठेवले. अहवाल आला तो लायकेन प्लॅनसचाच. कॅन्सर नव्हता.

आता हा आजार काय, ते सांगतो. लायकेन म्हणजे आपले दगडफूल. काळ्या मसाल्यात बायका घालतात तेच. १८६९ साली इंग्लंडचे डॉक्टर इरॅस्मस विल्सन यांनी कातडीवरचे सपाट चट्टे पाहून हे नाव दिले. नाव दगडफुलाचे असले तरी तोंडात बुरशी उगवत नाही. आपल्या शरीरातल्या ज्या पेशी बाहेरच्या रोगजंतूंशी लढतात, त्याच चुकून तोंडाच्या नाजूक अस्तरावर हल्ला करतात. घराची राखण करणाऱ्यानेच घरच्या माणसावर काठी उगारावी, तसे. का उगारतात याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. पण हा रोग जंतूचा नाही, म्हणून तो उष्ट्याने, पेल्याने किंवा मुका घेतल्याने लागत नाही.

हा आजार अगदी दुर्मिळही नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग यांच्या पथकाने केरळातल्या ७,६३९ खेडुतांची तोंडे तपासली. १९७२ साली छापलेल्या त्यांच्या अहवालात शंभरांत सुमारे दीड माणसांना हा आजार आढळला. तंबाखू वापरणाऱ्यांत प्रमाण जास्त होते, पण न वापरणाऱ्यांतही तो होता. तेव्हा "हिनेच ओढवून घेतले" असे कोणी म्हणू नये. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या बायकांत तो अधिक दिसतो.

काही औषधांनी किंवा दातात भरलेल्या चांदीनेही असेच चट्टे उठतात. रक्तदाबाच्या, साखरेच्या आणि अंगदुखीच्या काही गोळ्या त्यांत येतात. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत. मात्र स्वतःच्या मनाने रक्तदाबाची गोळी बंद करू नये. मनगटावर खाजणारे जांभळट चट्टे असतील तर तेही सांगावेत. बायकांना हाच त्रास लघवीच्या जागीही होऊ शकतो. लाजेपायी तो लपवू नये, बाई डॉक्टरांना सांगावा.

हा आजार मुळापासून जावा असे औषध आज नाही. तो कधी कमी होतो, कधी उसळतो, वर्षानुवर्षे चालतो. नुसत्या पांढऱ्या रेघा असून त्रास नसेल, तर औषधही लागत नाही. जागा सोलली असेल तर स्टिरॉइडचे मलम देतात. जेवणानंतर, चूळ भरून, जागा कोरडी करून ते लावायचे आणि अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. मलमामुळे कधी तोंडात बुरशी वाढते, तिचे वेगळे औषध असते. म्हणून दुकानातून परस्पर मलम आणून महिनोन्‌महिने लावणे बरे नव्हे.

बाकीचे घरच्यांच्या हातात आहे. वहिनींसाठी सून आता तिखट घालण्याआधी वरण-भाजी वेगळी काढते. चिंच, लिंबू, फार गरम चहा बंद. मिसरी कायमची सुटली. मऊ ब्रश आणि फेस-झणझणाट कमी असलेली पेस्ट आणली. गालाला घासणारा एक धारदार दात डॉक्टरबाईंनी घासून गुळगुळीत केला. हिरड्या दुखतात म्हणून ब्रश टाळला तर घाण साचून त्रास वाढतोच. काळजी आणि जागरणानेही तो उसळतो, असे वहिनींचा अनुभव सांगतो.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. या आजारातून पुढे कॅन्सर होण्याची शक्यता थोडी, शंभरांत एकाच्या आसपास, पण असते. म्हणून वर्षातून एक-दोनदा तोंड दाखवायचे म्हणजे दाखवायचे. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, गाठ, कडकपणा, रक्त येणे यांपैकी काही दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे; तरी तो आणि तंबाखू आपल्या पोरांच्या खिशात आहेच. तोंडात पांढरा डाग आणि जोडीला तंबाखू असेल तर धोका वाढतो. आमचे दादाही तंबाखू मळीत. वहिनींचा अहवाल वाचून दाखविला त्या संध्याकाळी त्यांनी चुन्याची डबी आमच्यासमोर उकिरड्यावर टाकली. अजून तरी ती परत आलेली नाही.

सहा महिन्यांनी आम्ही वहिनींना पुन्हा नांदेडला नेले. तिकिटाचे पैसे, बुडालेली मजुरी यांचा हिशेब त्यांनी वाटेत मांडलाच. कारकून माणूस म्हणून आम्हीही मांडला. या फेरीचा खर्च जड आहे हे खरे, पण उशिरा सापडलेल्या रोगाचा खर्च घर विकूनही भागत नाही, हे आम्ही आमच्या वस्तीत पाहिले आहे.

जाळी अजून आहे, लाल जागा कमी झाली आहे. परवा घरी गेलो तेव्हा मांडणीवर पेले मोजले. सगळे एकाच रांगेत होते. वहिनींचा कोणता, ते आम्हांला ओळखता आले नाही. तेवढ्यात नातू धावत आला आणि आजीच्या हातातला अर्धा भरलेला पेला घेऊन घटाघटा प्यायला. वहिनी काही बोलल्या नाहीत. पदराने त्याचे तोंड पुसले, एवढेच.