स्वस्त भाडे म्हणजे परवडणारे घर नव्हे

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात घरभाडे मुळातच कमी आहे, म्हणून कुटुंबाला परवडणारे घर मिळणे हा येथे प्रश्नच नाही, आणि नोकरीच्या गावी न राहता रोज ये-जा करणारे शिक्षक व परिचारिका केवळ शहरी सोयींच्या मोहापायी तसे करतात, असा एक पक्ष मांडला जातो. हा पक्ष भाड्याचा आकडा पाहतो, घर पाहत नाही. भाडे आणि कामावर जाण्यायेण्याचा खर्च मिळून जे पगारात बसते तेच परवडणारे घर, अशी व्याख्या केली की हिशेब पालटतो. आदिलाबादहून गुडीहतनूर, इंद्रवेल्लीमार्गे उटनूर सुमारे ५५ किलोमीटर आहे. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर चालली तरी रोजची ये-जा धरून महिन्याच्या २५ दिवसांत ५५ लिटर पेट्रोल जळते, म्हणजे शंभर रुपयांच्या हिशेबानेही साडेपाच हजार रुपये होतात. डिसेंबर २०२३ पासून राज्याच्या महालक्ष्मी योजनेमुळे स्त्रियांना पल्लेवेलुगू व एक्सप्रेस बसचे तिकीट पडत नाही हे खरे, परंतु दिवसाचे तीन-चार तास रस्त्यावर जातात त्यांची भरपाई कोणतीही योजना करत नाही.

मग ही कुटुंबे उटनूरलाच का राहत नाहीत? तेथे भाड्याने मिळते ती बहुधा एखादी खोली किंवा घरमालकाच्या घराचा तोडून दिलेला भाग, ज्याला तेलंगणात ‘पोर्शन’ म्हणतात. गॅसची शेगडी, पलंग आणि मुलांची दप्तरे एकाच भिंतीला लागलेली, आणि बोअरचे पाणी घरमालक मोटर चालू करील तेव्हा. एकट्या माणसाचे त्यात निभते, म्हाताऱ्या सासूसह पाच जणांचे निभत नाही. डिसेंबर २०२१ च्या शासन आदेश ३१७ नुसार ज्येष्ठतेच्या आधारे कर्मचाऱ्यांची नव्या जिल्ह्यांत वाटणी झाली, तेव्हा ज्यांना स्वतःचा जिल्हा सोडावा लागला त्यांना तर घराचा शोध पहिल्यापासून करावा लागला.

येथे दुसरा पक्ष पुढे येतो आणि सारा दोष ‘१/७०’ कायद्याला देतो. १९५९ च्या अनुसूचित क्षेत्र जमीन हस्तांतरण विनियमाची ही १९७० मधील दुरुस्ती होय. तिच्यानुसार उटनूरसारख्या अनुसूचित क्षेत्रातील स्थावर मालमत्ता बिगर-आदिवासीकडे हस्तांतरित करणे रद्दबातल ठरते, आणि ‘हस्तांतरण’ या शब्दात विक्री व गहाणाबरोबर भाडेपट्टाही मोडतो. परिणामी बिगर-आदिवासी भाडेकरूला कायद्यात टिकेल असा करार मिळत नाही आणि भाड्यासाठी घरे बांधण्यास कोणी सहसा धजत नाही, हे निदान बरोबर आहे. कायदा सैल करावा हा त्यावरचा उपाय मात्र घातक आहे. गोंड व कोलाम कुटुंबांच्या जमिनी सावकार आणि बाहेरून आलेल्यांच्या हाती कशा गेल्या, त्याचा इतिहास याच मातीत घडला आहे: १९४० मध्ये जोडेघाटला गोंड नेते कोमुरम भीम याच जमिनीच्या हक्कासाठी लढताना मारले गेले, आणि २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीचीच मागणी घेऊन जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. ज्या दारातून आज भाडेकरू आत येईल त्याच दारातून उद्या खरेदीदार येईल. शिक्षकाच्या घराची अडचण खरी आहे, पण ती गोंडाच्या शेताच्या मोलाने सोडवणे अन्यायाचे होईल.

म्हणून येथे मंडनास योग्य पक्ष एकच उरतो: उटनूर, नारनूर, इंद्रवेल्ली येथे शासनाने आपल्या जागेवर कुटुंबासाठी निवासस्थाने बांधावीत. असे घर पदासोबत मिळते व पदासोबत सुटते, त्यामुळे राहणाऱ्याचा जमिनीवर हक्क निर्माण होत नाही. दोन खोल्या, वेगळे स्वयंपाकघर, घरात नळ आणि शाळेपर्यंत मुलाला चालत जाता येईल एवढे अंतर, इतके त्यात असलेच पाहिजे; एकट्याच्या खोल्यांची रांग बांधून हे काम होणार नाही. खर्चाचा आक्षेप घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी की शासन आजही दरमहा घरभाडे भत्ता देतच आहे, आणि सरकारी निवासस्थानात राहणाऱ्याला तो भत्ता मिळत नाही.