आधी दूध, मग भाकरी : बिशप एडन यांच्याकडून काय घ्यावे?



"हा वर्गच ढ आहे" हे वाक्य स्टाफरूममध्ये किती सहज बोललं जातं, नाही का? सुमारे १४०० वर्षांपूर्वी एका धर्मगुरूनेही असंच म्हटलं होतं. त्याला मिळालेलं उत्तर आपण सर्वांनी ऐकावं असं आहे.

आजच्या उत्तर इंग्लंडमध्ये तेव्हा नॉर्थम्ब्रिया हे राज्य होतं. तिथल्या ऑस्वाल्ड राजाने प्रजेला ख्रिस्ती धर्म शिकवण्यासाठी आयोना बेटावरच्या आयरिश मठातून एक धर्मगुरू बोलावला. तो स्वभावाने फार कडक. लोक त्याचं ऐकेनात. तो परत गेला आणि सभेत सांगितलं, की ती माणसं हट्टी आणि अडाणी आहेत, शिकणार नाहीत. तिथे बसलेले एडन म्हणाले, की तुम्हीच जरा जास्त कठोर वागलात. बाळाला आधी दूध द्यायचं असतं, जड अन्न नंतर. सभेने एडन यांनाच बिशप करून पाठवलं. ते साल होतं इ.स. ६३५.

एडन यांना तिथली भाषा नीट येत नव्हती. राजा परागंदा असताना आयरिश शिकला होता, म्हणून तो स्वतः दुभाषी झाला! एडन पायी फिरत, भेटेल त्याच्याशी बोलत. पुढे ऑस्विन राजाने दिलेला घोडाही त्यांनी एका भिकाऱ्याला देऊन टाकला. श्रीमंतांकडून मिळालेल्या पैशातून ते गुलामांना सोडवत आणि त्यांतल्या अनेकांना शिकवत. लिंडिसफार्न बेटावरच्या मठात त्यांनी १२ इंग्रज मुलं शिकायला घेतली. त्यांतला ईटा पुढे त्याच मठाचा प्रमुख झाला. म्हणजे बघा, 'न शिकणाऱ्या' लोकांचीच ही मुलं!

कुणी म्हणेल, असं सोपं करत गेलं तर दर्जा घसरेल. पण एडन सोबत चालणाऱ्यांनाही वाटेत वाचन-पाठांतर करायला लावत. सोपी होती ती फक्त सुरुवात.

मला वाटतं, एखाद्या मुलावर 'ढ' असा शिक्का मारण्याआधी आपण स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत. मी त्याच्या भाषेत बोललो का? आणि पहिला घास त्याला चावता येईल असा दिला का? शिक्का मारायला एक क्षण लागतो, पण तो पुसायला कधी कधी आयुष्य पुरत नाही.